वकालतनाम्यावर माझं नाव

१२ जून, गुरुवार. कलबुर्गी

गुंडेराव वकिलांच्या ऑफिसातून आत्ता खोलीवर आले. अंगाची नुसती लाही लाही होते आहे. सनद हातात पडल्यापासून ज्या एका माणसाच्या हाताखाली काम करायला मी जीव टाकत होते, तो असा निघाला. जमिनीच्या दाव्यांत कलबुर्गीत त्यांच्या तोडीचा कोणी नाही. त्यांची उलटतपासणी ऐकायला मी वर्ग बुडवून कोर्टात बसलेली आहे.

माझी प्रमाणपत्रं त्यांनी उघडलीच नाहीत. कॉलेजच्या लुटुपुटूच्या कोर्टात मला राज्यात पहिलं बक्षीस मिळालं, तेही मीच सांगितलं, तर म्हणाले, बरं. मग पहाणीचा, म्हणजे इकडच्या सातबाऱ्याचा, एक जुना उतारा पुढे टाकला आणि यात खोट कुठे आहे ते काढ म्हणाले. मी काढली. ज्या साली कुळाचं नाव चढलं त्याच्या आधीच तो माणूस मेलेला होता. त्यांनी सुपारी तोंडात टाकली आणि सोमवारपासून ये म्हणून सांगितलं.

मी खूश होऊन उठतेय तोच अटी आल्या. "कागद तू करायचे. साक्षीदाराला काय विचारायचं ते तू काढायचं. पर वकालतनाम्यावर तुझं नाव येणार न्हाई, आन् वरच्या मजल्यावर जिल्हा कोर्टात तू उभी ऱ्हायची न्हाई. दोन-एक वर्षं तरी."

वकालतनामा म्हणजे पक्षकार वकिलाला नेमतो तो कागद. त्यावर नाव नाही म्हणजे त्या केसपुरती मी वकीलच नाही, नुसती कारकून. मी विचारलं, कामून? "कामून ते तुला म्हाईत हाय," म्हणाले आणि दुसरी फाईल ओढली.

हो, माहीत आहे ना. ते पाटलांचे गुंडेराव आणि मी निर्ण्याच्या मायाप्पा धनगराची पोर. त्यात बाई. विचार करून सांगते म्हटलं आणि जिना उतरले. जिन्यातल्या त्यांच्या नावाच्या पाटीवर थुंकावंसं वाटलं.

१५ जून, रविवार. निर्णा

घरी आले ते चुकलंच. अव्वाने, आईने, पहिला प्रश्न विचारला तो नोकरीचा नाही, मन्नाएखेळ्ळीच्या स्थळाचा. अण्णा, म्हणजे माझा भाऊ अनिलकुमार, म्हणतो बीदरची नोकरी धर, बसने जाऊन-येऊन होईल. बीदरची नोकरी म्हणजे एका फायनान्स कंपनीच्या वकिलाकडे बसून हप्ते थकलेल्या लोकांना नोटिसा पाठवायच्या. मोटारसायकली ओढून आणायला मी कायदा शिकले का, असं विचारलं तर म्हणतो, तुझ्या जिभेला हाड न्हाई, तुला कोण ठेवून घेणार.

अप्पा कलबुर्गीला अजून जुन्या नावाने गुलबर्गाच म्हणतात. जेवताना एवढंच विचारलं, "गुलबर्ग्यात कोर्टात जातीस, तर त्यो दिसला का कवा?"

त्यो म्हणजे भीमराज. अप्पांचा चुलतभाऊ. त्याची आई बाळंतपणात गेली म्हणून माझ्या आजीनेच, नागव्वाने, त्याला वाढवला. दोघं भाऊ एका ताटात जेवलेले. तो मॅजिस्ट्रेट झाला त्या वर्षी गावातल्या कुणाच्या तरी केसमध्ये शब्द टाकायला अप्पा तुपाचा डबा घेऊन त्याच्या बंगल्यावर गेले होते. त्याने फाटकातूनच परत लावलं, डब्यासकट, शिपायादेखत. मी तेव्हा शाळेत होते. तेव्हापासून येणं-जाणं, बोलणं, सगळं तुटलं. आता तो कलबुर्गीत जिल्हा कोर्टात न्यायाधीश होऊन आलाय, तरी इकडे फिरकला नाही.

चैत्रात आजी गेली तेव्हाही आला नाही. बंगल्यात म्हणे दहा दिवस सुतक पाळलं, केस काढले आणि तसाच भादरल्या डोक्याने कोर्टात जाऊन बसला. अण्णाने कुणाकडून तरी ऐकलं. जिने वाढवलं तिला खांदा द्यायला नको, पण चारचौघांत दाखवायला डोकं भादरायचं. ढोंगी माणूस. त्याला काका म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

अप्पांना सांगितलं, दिसला नाही. खरं तर कॉलेजात असताना दोनदा त्याच्या कोर्टात मागच्या बाकावर बसून आले आहे. तेव्हा एकच मनात होतं, एक दिवस याच्यासमोर काळा कोट घालून उभी राहीन आणि असं बोलेन की मान वर करून बघावं लागेल.

१९ जून, गुरुवार

हैदराबादच्या एका मोठ्या लॉ फर्मने इथे स्टेशन रोडला शाखा काढली आहे. अर्ज मी मेमध्येच टाकला होता आणि उत्तर येईल अशी आशा सोडली होती. आज मुलाखत झाली. काचेची केबिन, गार हवा, बशीत काजू. शाखेचे प्रमुख शिवप्रसाद, मूळ बसवकल्याणचे, मराठी साखरेसारखं बोलतात. मला अहोजाहो केलं. गुंडेरावांच्या बाकावर बसून आलेल्या माणसाला हे फार बरं वाटतं, उगाच खोटं कशाला लिहू.

प्रश्न मात्र विचित्र होते. कायद्याचा एकही नाही. गाव निर्णाच ना? मैलारच्या खंडोबाला जाता का? एवढ्यात घरात कुणी गेलं, असं कानावर आलं. आजी का? फार वाईट झालं. सुतकाला भावकीतले सगळे होते का?

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मुलाखत आहे की सोयरीक? जात काढायची तर सरळ विचारा. मी फटकन म्हटलं, "एक सोडून सगळे होते. आणि त्या एकाचं नाव आमच्या घरात निघत नाही."

वाटलं, गेली नोकरी. पण ते हसले आणि स्पष्ट बोलणारी माणसं त्यांना आवडतात म्हणाले. मग स्वतःहूनच सांगितलं की पहिल्या महिन्यातच वकालतनाम्यावर माझं नाव येईल आणि जिल्हा कोर्टात मी उभी राहीन. मी विचारलं, पुढे हैदराबादच्या ऑफिसात जाता येईल का. म्हणाले, "मॅडम, तुमची गरज इथं आहे."

माझी गरज आहे, असं आजवर मला कुणी म्हटलेलं नाही.

२० जून, शुक्रवार

फर्मचा फोन आला. घेतलं मला!

२४ जून, मंगळवार

शिवलीलाशी भांडण झालं. ती माझ्या खोलीत राहते, कॉलेजपासूनची मैत्रीण, आणि बीदरची ती नोटिसांची नोकरी आता तीच घेते आहे. म्हणाली, "त्यांच्याकडं हैदराबादची, बेंगळूरची पोरं लाईन लावून उभी हायत. तुला कामून घ्यायलेत एवढ्या घाईनं?" म्हटलं, तुला घेतलं नाही म्हणून विचारायलीस का? दुपारपासून तोंड फिरवून बसली आहे. बसू दे.

गुंडेरावांना नकार सांगायला जाणार नव्हते, पण त्यांनीच फोन केला. मी फर्मचं नाव सांगितलं. त्यांनी विचारलं की वकालतनाम्यावर नाव घालणार म्हणालेत का. हो म्हटलं, आणि मुद्दाम ठासून म्हटलं, जिल्हा कोर्टात. त्यांनी फोन ठेवून दिला. बरंच झालं. नाक ठेचलं म्हाताऱ्याचं.

३ जुलै, गुरुवार

सोमवारी रुजू झाले. तीन दिवस कुणी काही काम दिलं नाही. लायब्ररीत बसले, चहा प्याले, ग्रंथांवरची धूळ पुसली. बाकीचे ज्युनिअर माझ्याशी बोलत नाहीत. मी गेले की गप्प होतात. एक तर तोंडावर हात ठेवून हसला. एका धनगराच्या पोरीला आल्या आल्या जिल्हा कोर्ट मिळालं, ते यांना पचत नसणार.

आज दुपारी शिवप्रसादांनी वकालतनामा पुढे ठेवला. काशप्पा नावाच्या माणसाची आळंदकडे खडीची खाण आणि क्रशर आहे, तो आमचा पक्षकार. माझं नाव छापलेलं होतं, आणि मला आश्चर्य वाटलं ते असं, की सगळ्यांच्या वर होतं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट: तुळजा मायाप्पा, निर्णा. मी सही केली. सही चांगली आली.

८ जुलै, मंगळवार

फाईल वाचून काढली. समोरची बाई शकुबाई. क्रशरला लागून तिचं तुरीचं रान आहे. सुरुंगाने तिची विहीर चिरली आणि पाणी गेलं, धुळीने तूर करपली. खालच्या कोर्टात ती हरली, तिचं अपील चालू आहे, आणि तोवर सुरुंग लावायचे नाहीत असा मनाईहुकूम आहे. तो दर तारखेला पुढच्या तारखेपर्यंत वाढत आलाय. परवा शेवटचा युक्तिवाद. तिचे वकील गुंडेराव. कोर्ट भीमराजचं.

परवा त्याच्याच समोर.

नियम काढून वाचला. वकिलाने आपल्या चुलत्यासमोर उभं राहायचं नाही, हे आहे. पण बापाचा चुलतभाऊ त्या यादीत नाही. शिवाय आमचं नातं उरलंय कुठे? ज्याने फाटकातून परत लावलं, मयतीला आला नाही, तो कसला नातेवाईक. शिवप्रसादांना सांगावं का, असं क्षणभर वाटलं. सांगितलं तर मला या केसमधून काढतील आणि दुसरा कुणी उभा राहील. त्याचं आणि आमचं आडनाव वेगळं लागतं, इथे कुणाला ठाऊकही नाही. नाही सांगितलं.

प्रामाणिकपणे लिहायचं तर आपली बाजू मला लंगडी वाटते. तरी रात्रंदिवस बसून मुद्दे काढले आणि आज शिवप्रसादांना दाखवले. त्यांनी कागद उलटेसुद्धा केले नाहीत. म्हणाले, "एवढं कशाला, मॅडम. तुम्ही फक्त पुढं उभ्या राहा आन् नाव मोठ्यानं सांगा." पहिली वेळ म्हणून मला धीर द्यायला म्हणाले असतील.

१० जुलै, गुरुवार

जसं झालं तसं लिहिते.

पुकारा झाला. गुंडेराव समोरच्या बाजूला होते. मला बघून त्यांनी चष्मा काढला आणि डोळे चोळले. मागच्या बाकावर डोक्यावर पदर घेतलेली एक म्हातारी बसली होती, तीच शकुबाई. शिवप्रसादांनी मला कोपराने पुढे केलं. मी उभी राहिले आणि कन्नडमध्ये स्वच्छ, मोठ्याने नाव सांगितलं.

भीमराजने मान वर केली. हेच मला हवं होतं, नाही का? डोक्यावरचे केस अजून नीट वाढलेले नाहीत, नुसते आखूड, पांढरे. तो वकालतनाम्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. चेहऱ्यावर राग नव्हता. फार दमल्यासारखा दिसला. विचारलं, निर्ण्याच्या मायाप्पांच्या तुम्ही कोण? मी म्हटलं, मुलगी.

त्याने पेन खाली ठेवलं आणि सगळ्या कोर्टाला ऐकू जाईल असं म्हणाला, "या माझ्या भावाची मुलगी आहेत. हे प्रकरण मी ऐकणार नाही. दुसऱ्या कोर्टाकडे पाठवा."

माझे मुद्दे हातातच राहिले. गुंडेराव उठून हात जोडून म्हणाले की मनाईहुकूम आज संपतोय, निदान दुसऱ्या कोर्टात जाईपर्यंत तेवढा वाढवून द्या. शिवप्रसाद अगदी हळू, अदबीने म्हणाले की साहेबांनी नातं बोलून दाखवल्यावर या फाईलवर साहेबांचीच सही यावी, हे आपल्याला तरी कसं शोभेल. भीमराज कितीतरी वेळ फाईलवर हात ठेवून बसला. मग हात काढून घेतला. मला आता या कागदाला हात लावता येत नाही, म्हणाला.

दुसरं कोर्ट म्हणजे शेजारची खोली. तिथली खुर्ची दोन महिने रिकामी आहे. न्यायाधीश कधी येणार ते कुणाला माहीत नाही.

बाहेर व्हरांड्यात काशप्पाने शिवप्रसादांचा हात हातात घेऊन दाबला. मग मला म्हणाला, "मॅडम, तुमचं लई उपकार झालं." मी काय केलं होतं? एक नाव सांगितलं होतं. तेवढ्यात ती म्हातारी आली. काळ्या कोटातली बाई मी एकटीच, म्हणून माझ्याकडे आली असेल. "बाई, माझं काय झालं वो?"

मी म्हटलं, तुमच्या वकिलाला विचारा.

११ जुलै, शुक्रवार

सकाळी शिवप्रसादांनी आणखी वकालतनामे पुढे ठेवले. वेगवेगळे पक्षकार, सगळ्यांवर माझं नाव सगळ्यात वर, आणि सगळी प्रकरणं एकाच कोर्टातली. मी विचारलं, साहेब, तुम्हाला आधीपासून माहीत होतं ना? ते मनापासून चकित झाले. "मॅडम, साहेब भादरल्या डोक्यानं खुर्चीत बसले तवाच अख्ख्या बारला कळलं, कुणाचं सुतक ते. तुम्हाला म्हणून तर घेतलं. तुम्ही समजून-उमजून आलाव, असंच आम्ही धरून चाललोय."

आमच्यात भांडण असलं की नातं सुटतं, असं मी धरून चालले होते. सुतक कुणाशी बोलणं आहे आणि कुणाशी नाही, ते विचारत नाही. हे आमच्या निर्ण्यातल्या कुणाही बाईने मला सांगितलं असतं, आणि मी पहिलं बक्षीस घेऊन आलेली वकील.

सह्या केल्या नाहीत. तोंडाला येईल ते बोलले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, आणि विचार करा, सोमवारी या म्हणाले. मी ओळखपत्र टेबलावर फेकलं आणि बाहेर पडले. तो हसणारा ज्युनिअर दारात उभा होता. आज हसला नाही.

१४ जुलै, सोमवार

गुंडेरावांकडे गेले. सकाळपासून दुपारपर्यंत पक्षकारांच्या बाकावर बसून राहिले. शेवटी आत बोलावलं. मी सगळं सांगितलं आणि तुमच्या अटींवर यायला तयार आहे म्हटलं. कागद करीन, खालच्या खोलीत बसेन, कुठल्या कोर्टात उभी राहणार नाही.

ते म्हणाले, त्या दिवशी मला वाटलं तुला अटींचं कारण कळलं. घरातलं तुटलेलं नातं पोरीच्या तोंडावर कशाला काढायचं, म्हणून बोललो नाही. माझ्याच तोंडाला कुलूप लागलं होतं.

मग म्हणाले, "आता न्हाई जमत. तुझं नाव आता कागदावर चढलंय. तू माझ्या जिन्यात दिसलीस तरी समोरचा वकील उठून सांगल, गुंडेरावांनी तुमच्या पुतणीला कामाला ठेवलंय, साहेब, ह्यो बी दावा सोडा. माझे निम्मे दावे त्याच कोर्टात हायत. त्या लोकांनी काय करायचं?"

मी विचारलं, मग मी कुठे जाऊ? म्हणाले, साहेबांची बदली होईपर्यंत या गावात तुला जो कोणी घेईल तो कशासाठी घेईल, ते आता तुला कळलंय. बोलताना माझ्याकडे बघत नव्हते. मला त्यांचा राग आला. अजूनही आहे. ते बरोबर बोलत होते म्हणून जास्त आहे.

उठताना विचारलं, शकुबाईचं काय? "शुक्रवारी सकाळीच सुरुंग लावले," म्हणाले. "विहिरीचा काठ आत गेला. आता दावा जिंकून तरी तिला काय मिळायचंय?"

आणि भीमराज. एक सही केली असती त्याने, एका महिन्याची, आणि मग सोडलं असतं प्रकरण, तर आभाळ कोसळणार होतं का? त्याला स्वतःचे हात स्वच्छ ठेवायचे होते. ते त्याने ठेवले. तेव्हा फाटकात ठेवले, तसेच आताही. त्याच्या स्वच्छ हातांचं अप्पांनी भोगलं, आता त्या म्हातारीने. पण त्या फाटकापर्यंत तिला नेलं कुणी, तेही मला माहीत आहे.

२० जुलै, रविवार. निर्णा

नोकरी सोडली, एवढंच घरी सांगितलं होतं. अव्वाने लगेच मन्नाएखेळ्ळीच्या स्थळाचं काढलं, अण्णा म्हणाला मी म्हटलंच होतं. शिवलीलाचा फोन आला, पण बीदरला जागा भरली आहे एवढं सांगून तिने ठेवला. तिच्या आवाजात मला जराही वाईट वाटल्याचं ऐकू आलं नाही. माझ्याच वागण्याची फळं आहेत.

दुपारी अप्पा रानातून आले. कोर्टातली बातमी त्यांना हुमनाबादच्या बाजारात कुणीतरी सांगितली होती. हातपाय न धुताच माझ्यासमोर बसले.

"त्यानं तुला वळखलं?"

हो म्हटलं.

"काय म्हणाला? जसं म्हणाला तसं सांग."

मी सांगितलं: या माझ्या भावाची मुलगी आहेत.

"चुलतभाऊ न्हाई म्हणाला?"

नाही, म्हटलं. भाऊ म्हणाला.

अप्पांनी खांद्यावरच्या टॉवेलने तोंड झाकून घेतलं. त्यांचे खांदे हलत होते. आजीच्या मयतीला जो माणूस रडला नाही तो माझ्यासमोर बसून रडत होता, आणि मला इतका राग आला की उठून निघून जावंसं वाटलं. पण उठले नाही. त्यांनी तोंड पुसलं आणि अव्वाला हाक मारली. म्हणाले, "म्हाळसा, हिकडं ये. तुळजा काय सांगायलीय ते ऐक." अव्वा पिठाच्या हातांनी बाहेर आली. अण्णाही दारात येऊन उभा राहिला.

"सगळ्या कोर्टापुढं म्हणाला ना? सांग पुन्यांदा, माय."

मी पुन्हा सांगितलं. ते ऐकून अप्पा चपला घालून तसेच पारावर गेले, सगळ्यांना सांगायला. शकुबाईचं मी त्यांना सांगितलेलं नाही.